मिस्त्रीने झाकलेली चूक

फार पूर्वी, खाडीकाठच्या एका गावात होड्या बांधणारा एक म्हातारा मिस्त्री राहत होता. त्याच्या हातच्या होडीत डोळे मिटून बसावं, असं त्याचं काम. आणि स्वभाव म्हणाल तर इतका मऊ, की दारात बसलेल्या कोंबडीलाही हुसकायचा नाही. तिला वळसा घालून आपणच बाजूने जायचा.

पण त्याचं स्वतःचं शिकणं फार वाईट गेलं होतं. फळी जरा वाकडी तासली की त्याचा गुरू पाठीवर वळ उठवायचा. तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं होतं, की आपण कुणाला शिकवलं तर चुकीवरून एक शब्द बोलायचा नाही.

पुढे खाडीतली मासळी आटली. गावातली तरणी मुलंमुली हाताला काम नाही म्हणून दिवसभर बंदरावर नुसती बसून राहू लागली. आईबापांच्या जिवाला घोर लागला. तेव्हा मिस्त्रीने आपलं खोपट सगळ्यांना उघडं केलं. या, म्हणाला, होडी बांधायला शिका, म्हणजे कुठल्याही काठावर पोट भराल.

मुलं आली. त्यांत सगुणी नावाची एक कोळ्याची पोर होती. बाप वारलेला, आई आजारी, पाठची भावंडं लहान. हिला काम मिळालं तरच घरची चूल पेटणार, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पोर मोठी गुणाची हो! तासणं म्हणा, जोडणं म्हणा, बघता बघता उचललं तिने. खोट एकच होती. दोन फळ्यांच्या सांध्यात कापसाची वात ठोकून बसवायची आणि वरून राळ भरायची, हे काम तळाच्या वळणाशी उताणं पडून करावं लागतं. तिथे सगुणीचा हात हलका पडायचा. सांधा वरून भरलेला दिसायचा आणि आत पोकळ राहायचा.

मिस्त्रीच्या ते लगेच लक्षात आलं. मग सांगायचं की नाही तिला? पण तिचा घामेजलेला, हसरा चेहरा पाहिला की त्याची जीभच उचलेना. मुलं दुपारी जेवायला गेली की हा होडीखाली शिरायचा, तिने बसवलेल्या वाती उपसायचा आणि नव्याने घट्ट ठोकायचा. एकट्या सगुणीचंच नव्हे, सगळ्यांचंच चुकलंमाकलं तो असं गुपचूप निस्तरायचा. संध्याकाळी होड्या पाण्यात घातल्या की थेंबभर पाणी आत येत नसे. मुलं हरखून जायची, आणि म्हाताऱ्यालाही अगदी धन्य धन्य वाटायचं.

बायकोने हे पाहिलं तेव्हा ती त्याच्यावर चिडली. म्हणाली, "अहो, यात मुलं काय शिकली? काम तर तुम्हीच करताय." मिस्त्री हसला आणि म्हणाला, बसेल हात हळूहळू, आत्ताच कशाला हिरमोड करायचा?

एक दिवस पलीकडच्या तीरावरून निरोप आला. तिथल्या लोकांना माणसं ने-आण करायला मोठी होडी बांधून हवी होती, आणि बांधणारं माणूस कायमचं ठेवून घ्यायचं होतं. मिस्त्रीने सगुणीचं नाव सांगितलं. तिच्या आईला तर आभाळ ठेंगणं झालं.

त्या खाडीवर एक रीत होती. नव्या होडीत दगडांचा भार भरायचा, आणि जिने किंवा ज्याने ती बांधली, त्याच माणसाने ती पहिल्यांदा एकट्याने वल्हवत पार न्यायची. दुसऱ्यांचे जीव होडीच्या हवाली करण्याआधी आपला करायचा, असा त्यामागचा विचार. सगुणीला हे माहीत होतं. म्हणून निघायच्या दिवशी ती मिस्त्रीच्या पाया पडली आणि तिथेच थांबून राहिली.

"मिस्त्रीबाबा, खरं सांगा. माझ्या कामात काही उणं आहे का? तिकडे तुम्ही नसाल."

शब्द म्हाताऱ्याच्या ओठांवर आला. पण दारात तिची आई ठेवणीतलं लुगडं नेसून, लेकीचं बोचकं कवटाळून उभी होती. असल्या घटकेला कसं बोलायचं? त्याने सगुणीच्या डोक्यावर हात ठेवला.

"काही उणं नाही, पोरी. जा, नाव काढ."

सगुणीने पलीकडे जाऊन होडी बांधली. दिसायला अशी सुरेख झाली की लोक बघतच राहिले. काठाशी, शांत पाण्यात ती छान तरंगली. मग भार भरला आणि सगुणी एकटी वल्ही मारत निघाली. खाडीच्या मध्यावर ओहोटीची ओढ लागली. ओझ्याने फळ्या हलल्या, तळाच्या वळणावरच्या वाती सुटल्या आणि पाणी भसाभस आत शिरलं. काठावरून माणसं होड्या घेऊन धावली, पण पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पोर पट्टीची पोहणारी होती. त्या ओढीपुढे तिचं काही चाललं नाही.

बुडालेली होडी लोकांनी ओढून अलीकडे, मिस्त्रीच्या गावच्या काठावर आणली. कुणी म्हणालं लाकूड किडकं असेल, कुणी म्हणालं पोरीचं नशीब. मिस्त्रीने होडीखाली शिरून तळाच्या वळणावर हात फिरवला. त्याला शोधावं लागलं नाही. बाहेर आला आणि सगुणीच्या आईसमोर जाऊन बसला. ही चूक मला पहिल्यापासून दिसत होती, मी तिला कधी दाखवली नाही, असं त्याने सगळ्यांदेखत सांगितलं.

आई रागावली नाही. हळूच म्हणाली, "ती विचारायला आली होती ना हो तुमच्याकडे? मी दारातच उभी होते."

म्हाताऱ्याने तिच्या पायांवर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी खोपटातल्या मुलांनी आपापल्या होड्या पाण्यात घातल्या. त्या दुपारी होडीखाली कुणी शिरलं नव्हतं. एकूण एक होडी गळली. मुलं भेदरून मिस्त्रीकडे बघायला लागली, आपल्याला काहीच येत नाही म्हणून एक जण मुसमुसू लागला. मिस्त्रीचा जीव तुटत होता, पण त्याने हत्याराला हात लावला नाही. कुठे चुकलं ते एकेकाला बोट ठेवून दाखवलं आणि वाती त्यांच्याच हातांनी उपसायला लावल्या. सगुणीची जागा मात्र रिकामीच राहिली.

तात्पर्य: शिकवणाऱ्याने मायेपोटी झाकलेली चूक शिकणाऱ्याच्या हातात तशीच राहते, आणि तिची किंमत त्या शिकणाऱ्यालाच मोजावी लागते.