दारं न उघडणारी पेटी

फार वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका कारखान्यात अक्रोडाच्या लाकडाचा, दोन दारांचा टीव्ही बनला. तेव्हा तिकडे टीव्ही कपाटासारखा दिसला, तरच दिवाणखान्यात शोभायचा म्हणे. त्यामुळे लाकडी पेटीचा तोरा काय सांगू! "माझं पॉलिश बघा की. आतली काच कशाला दाखवू?" म्हणत तिने दारं घट्ट आवळली.

तपासणीवरच्या प्रुडन्सबाई वैतागल्या. "चित्र दिसत नसेल तर काढा ती काच. पेटीत मोजे ठेवू."

काच आतून हसली. "पेटीताई, मी चालले दुसऱ्या घरी. मोज्यांना जपा हो!"

पेटीने खाडकन दारं उघडली. आत घोड्यांची शर्यत चालली होती. अख्खा कारखाना काम टाकून धावत आला. तेव्हा पेटीच काचेला म्हणाली, "अगं, आवाज वाढव जरा, मागच्यांना ऐकू जात नाहीये!"