चार आकडे आणि एक वीट

आमच्या गावच्या मोटार क्लबचे अध्यक्ष रावसाहेब चौगुले यांच्या दारात तीन नव्या कोऱ्या गाड्या उभ्या असत. पण लोक वळून बघायचे ते ड्रॉइंगच्या बोंद्रेबाईंच्या चाळीस वर्षांच्या लाल स्पोर्ट्स कारकडे. रावसाहेबांच्या पोटात दुखायचं ते तिथेच. क्लबच्या मिरवणुकीत हीच गाडी पुढे ठेवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी फर्मावलं, "आधी कॉम्प्रेशन तपासा. सिलिंडरमधला दाब शंभराखाली आला तर इंजिन झिजलंय, गाडी बाद. आणि लबाडी नको, स्टिअरिंगवर मी स्वतः बसणार!"

गफूर मिस्त्रींनी प्लग काढून गेज लावलं. "साहेब, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून किल्ली मारा. इंजिनाला पोटभर हवा मिळाली पाहिजे."

एकेका सिलिंडरचा आकडा आला. साठ, एकसष्ट, साठ, साठ.

"झालं! घाला भंगारात," रावसाहेब खुशीत ओरडले. बाईंचा चेहरा उतरला.

मिस्त्री मात्र आकड्यांकडे बघत राहिले. "चार सिलिंडर असे एका मापाने झिजत नाहीत, साहेब. एखादा तरी मागेपुढे होतोच. खोट चौघांना सामाईक असलेल्या कशात तरी आहे. जरा खाली उतरता?"

रावसाहेब उतरले. मिस्त्रींनी कोपऱ्यातली वीट ॲक्सिलरेटरवर घट्ट बसवली आणि पुन्हा किल्ली मारली. चारही आकडे एकशे चाळिसाच्या घरात!

"असं कसं?" रावसाहेब चाचरले. "मीही दाबतच होतो की."

"दाबत असाल," मिस्त्री हात पुसत म्हणाले, "पण या कामाला वीटच बरी. तिला कुणाच्या गाडीचा हेवा वाटत नाही."