शिडीवरचा नकलनवीस

छापखाने गावोगावी नुकतेच येऊ लागले होते, त्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं संस्थान होतं. त्याच्या कचेरीत अंताजी आणि सदोबा नावाचे दोन नकलनवीस कामाला होते. हुकूम असो, पत्र असो, पोथी असो, हातानं त्याची नक्कल करायची हे त्यांचं काम. चौदा वर्षं दोघं एकाच खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी बसले. दुपारची भाकरीही एकाच फडक्यावर सोडत.

अंताजी बोलका होता. गावातल्या कुठल्याही ओसरीवर गेला तरी त्याला कुणी ना कुणी 'या, बसा' म्हणे. सदोबा अबोल. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की त्याला घाम फुटे. पण कागद वाचावा तर त्यानंच. शंभर वर्षांपूर्वीची मोडी असो, घाईत खरडलेली असो, पाण्यानं पुसट झालेली असो, तो ती सरळ वाचत जाई. अंताजीला रोजची मोडी येई. जुना कागद पुढे आला की तो मुकाट्यानं सदोबाकडे सरकवी.

त्या वर्षी भाद्रपदात संस्थानात छापखाना आला. आता नकला कोण करून घेणार? दोघांना नारळ आणि उपरणं देऊन घरी पाठवण्यात आलं.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना सदोबा म्हणाला, "अंता, मला कुणाच्या दारात जाऊन काम मागता यायचं नाही रे. तुझ्या कानावर काही आलं तर सांगशील ना?"

"हे काय विचारणं झालं?" अंताजी म्हणाला. "तुला सोडून मी कुठं जाणार आहे?"

तेव्हा तो मनापासूनच बोलला होता.

नवरात्र गेलं. दोन्ही घरांतलं धान्य तळाला लागलं. दसऱ्याच्या संध्याकाळी अंताजी आपट्याची पानं घेऊन बाहेर पडला. सोनं द्यायच्या निमित्तानं मोठ्या लोकांच्या भेटी होतात, चार शब्द टाकता येतात, हे त्याला माहीत होतं. फिरत फिरत तो नारोपंत दफ्तरदारांकडे गेला. नारोपंत वर्षापूर्वीच परगावाहून आले होते. गावातली फारशी माणसं त्यांच्या ओळखीची नव्हती.

बोलता बोलता नारोपंत म्हणाले, "दफ्तरातल्या जुन्या कागदांना वाळवी लागलीय हो. सगळे जुन्या मोडीत. ते वाचून बाळबोध लिपीत उतरवून ठेवायला एक जाणता माणूस हवाय. दिवाळीच्या पाडव्याच्या मुहूर्तावर नेमणार आहे. पण गाजावाजा नको, नाहीतर शंभर वशिले येतील. तुमच्या पाहण्यात आहे का कुणी?"

अंताजीच्या तोंडावर सदोबाचं नाव आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"पाहतो," तो म्हणाला. "मीही चौदा वर्षं हेच केलंय."

जागा एकच होती. दोघांतून एकाला निवडायचं म्हटलं तर कुणाला निवडतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

परतताना देवळापाशी सदोबा भेटला. हातात चार पानं धरून तो कधीचा तिथंच उभा होता. "बरा भेटलास," तो म्हणाला. "गोदा म्हणते, आज सगळ्यांकडे जाऊन या, कामाचं विचारा. पण एकट्यानं जायला पाय उचलत नाही. तुझ्याबरोबर येऊ का?"

अंताजी म्हणाला, "अरे, सणासुदीला कुणी कामाचं बोलतं का? लोकांना राग येतो. तुळशीचं लग्न होऊन जाऊ दे. मग दोघं मिळून फिरू."

"बरं झालं सांगितलंस," सदोबा म्हणाला. "मी आपला नको तिथं तोंड उघडून बसलो असतो."

आणि तो घरी गेला.

घरी अंताजीनं बायकोला, वेणूला, जागेची बातमी सांगितली. तिचा चेहरा खुलला. लगेच तिनं विचारलं, "सदोबाभावजींना सांगितलंत ना?"

"सांगितलं," अंताजी म्हणाला. ते आणखी एक खोटं.

त्यानंतरचे पंधरा दिवस अंताजी नारोपंतांच्या ओसरीवर दिसू लागला. आज वेणूच्या हातच्या चकल्या, उद्या परसातली केळी. नारोपंतांनी काही सांगितलं की तो हसे आणि मान डोलावी. मनात म्हणे, यात वाईट ते काय? सगळेच असं करतात.

सदोबाच्या घरी मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत थांबण्याजोगं काही उरलं नव्हतं. बायको गोदा आणि दोन लहान मुली होत्या. दिवाळी तोंडावर आली होती. जो तो घराच्या भिंतींना चुना देऊन घेत होता. सदोबानं गवंड्याच्या हाताखाली ते काम धरलं. कुणी ओळखू नये म्हणून तो तोंडाला उपरणं गुंडाळी आणि हातात कुंचा घेऊन शिडीवर चढे. लेखणीशिवाय काही न धरलेल्या त्या बोटांना चुना सोसेना. पेरांना चिरा पडल्या, त्यांतून रक्त येऊ लागलं.

धनत्रयोदशीला चारच दिवस उरले असताना अंताजी नारोपंतांकडे बसला होता. नारोपंत आतून एक पिवळा कागद घेऊन आले.

"हा वाचा पाहू. तुमच्यावर अविश्वास नाही, पण वरती मला सांगायला हवं की वाचून घेतलंय म्हणून."

अंताजीनं कागद हातात घेतला. पहिली ओळ लागेना. दुसरी लागेना. कपाळ घामानं भिजलं. "इथं अंधार आहे," तो म्हणाला. "जरा उजेडात पाहून येतो." कागद घेऊन तो मागच्या अंगणात गेला.

मागच्या भिंतीला शिडी लावलेली होती. वर एक माणूस कुंचा फिरवत होता. त्यानं खाली पाहिलं, तोंडावरचं उपरणं खाली ओढलं आणि ओशाळं हसला.

"अंता, मीच आहे. कुणाला सांगू नकोस हं, मी हे काम करतोय म्हणून."

अंताजीला वाटलं, कागद खिशात घालावा आणि निघून जावं. पण आत नारोपंत वाट पाहत होते. त्यानं कागद वर धरला. "सदू, एवढं वाचून दे ना."

सदोबानं हात धोतराला पुसले. कागदाला चुना लागू नये म्हणून त्यानं तो हातात घेतला नाही. शिडीवरूनच वाकून तो वाचू लागला. कुठल्याशा गावच्या विहिरीच्या पाण्याचा तंटा होता, पंचांनी दिलेला निवाडा होता. सदोबा भराभर वाचत गेला. वाचताना त्याचा चेहरा उजळला होता.

"काय सुंदर हात आहे लिहिणाऱ्याचा," तो म्हणाला. "कुठला रे हा कागद?"

"असाच. दफ्तरदारांचा. ते दाखवत होते," अंताजी म्हणाला आणि वळला.

आत येऊन त्यानं निवाडा घडाघडा म्हणून दाखवला. नारोपंत खूश झाले. जागा ठरली.

पाडव्याला सकाळी अंताजी दफ्तरात जाऊन नव्या बैठकीवर बसला. कागदांना हळदकुंकू वाहिलं. दुपारी घरी आला तो गावभर बातमी पसरली होती. तिसऱ्या प्रहरी सदोबा आला. एका हातात नारळ होता. दोन्ही हातांची बोटं चिंधीनं बांधलेली होती.

"अंता, फार बरं झालं!" तो दारातूनच म्हणाला. "वहिनी, बघा तुमच्या नवऱ्याचं नशीब. मला दसऱ्याला म्हणाला, सणात कुणी कामाचं बोलत नाही. आणि याला सणातच काम चालून आलं!"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा कसा मारायचा हे त्याला माहीतच नव्हतं. वेणूनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं जमिनीकडे पाहिलं.

सदोबा पुढे म्हणाला, "आणि हे बघ, एखादा कागद अडला तर संकोच करू नकोस. घेऊन येत जा माझ्याकडे. मी काय, रिकामाच आहे. तेवढंच मन रमेल."

वेणूनं दिलेल्या करंजीचा एक तुकडा खाऊन तो गेला. उरलेली त्यानं मुलींसाठी कागदात बांधून नेली.

दिवेलागणीला वेणूनं पाट मांडला. पाडव्याची ओवाळणी करायची होती. निरांजन लावून तिनं तबक उचललं. अंताजी पाटावर बसला. वेणूनं तबक खाली ठेवलं.

"आज नको," ती म्हणाली. "त्यांची बोटं पाहिलीत ना तुम्ही? माझ्या हातून नाही व्हायचं."

ती एवढंच बोलली आणि आत गेली. लग्नाला बारा वर्षं झाली होती. पाडव्याला तो पाटावरून ओवाळून घेतल्याशिवाय कधी उठला नव्हता. तो उठला आणि चपला घालून थेट नारोपंतांकडे निघाला.

नारोपंतांकडे पाहुण्यांची गर्दी होती. गावातली सगळी मोठी माणसं होती. "या अंताजीपंत, बसा!" सगळे म्हणाले. अंताजी उभाच राहिला.

"जरा एकांतात बोलायचं होतं."

"बोला की इथंच," नारोपंत हसून म्हणाले. "सगळी आपलीच माणसं आहेत."

ज्यांच्या ओळखीचा त्याला इतका अभिमान होता, त्या सगळ्यांसमोर अंताजीला बोलावं लागलं. "साहेब, तो कागद मी वाचला नव्हता. मला तो वाचता येत नाही. तुमच्या मागच्या भिंतीला चुना देणाऱ्यानं तो वाचला. त्याचं नाव सदोबा. चौदा वर्षं तो माझ्या शेजारी बसत होता. जागेचं मी त्याला कळू दिलं नाही."

कुणी पानाचा डबा उघडत होता, त्याचा हात तसाच थांबला. अंताजीला वाटलं, नारोपंतांनी आता काहीतरी कडक बोलावं. शिव्या दिल्या तरी चालतील.

नारोपंत म्हणाले, "तो माणूस तीन दिवस माझ्या अंगणात होता. मी त्याला भिंत नीट झाली नाही म्हणून दोनदा बोललो. नाव मात्र एकदाही विचारलं नाही." त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "उद्या सकाळी मला त्यांच्या घरी घेऊन चला. आणि तिथं हे तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. सदोबा अंगणात बसून बोटांना खोबरेल लावत होता. दफ्तरदार आलेले पाहून तो गडबडून उठला. अंताजीनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. दारात गोदा उभी होती. तिनं तोंड फिरवलं.

सदोबानं एकच विचारलं. "दसऱ्यालाच कळलं होतं?"

"हो."

सदोबानं आपल्या बोटांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "शिडीवर तो कागद वाचला ना, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. महिनाभरात पहिल्यांदा."

अंताजीला तिथं उभं राहवेना. पण जाताही येईना.

नारोपंतांनी जागा सदोबाला दिली. अडचण एकच होती. सदोबाच्या बोटांत लेखणी धरवत नव्हती. जखमा भरायला महिना तरी लागणार होता. अंताजी म्हणाला, "तोवर हे वाचतील, मी लिहीन. मला काही नको." नारोपंतांनी सदोबाकडे पाहिलं.

"त्यांचं अक्षर चांगलं आहे," सदोबा म्हणाला. "येऊ देत."

'त्यांचं' हा शब्द अंताजीच्या कानाला बोचला.

महिनाभर दोघं दफ्तरात पुन्हा शेजारी बसले. सदोबा वाची, अंताजी लिही. सदोबा एकही वाकडा शब्द बोलला नाही. पण "घे रे, लिही" असं तो आता म्हणत नसे. "लिहा," म्हणे. "झालं का तुमचं?" म्हणे. दुपारी गोदानं दिलेली भाकरी तो आपल्या फडक्यावर सोडी आणि अंताजी आपल्या.

मार्गशीर्षात सदोबाची बोटं बरी झाली. शेवटच्या दिवशी अंताजी दौत आवरून उठला, तेव्हा सदोबा म्हणाला, "जरा थांबा. छापखान्यात मजकूर तपासायला माणूस हवाय. काल कळलं. मी तिथं जाऊन तुमचं नाव सांगून आलोय. उद्या मालकांना भेटा."

"तू गेलास? एकटा?" अंताजीच्या तोंडून निघालं.

"हो. घाम फुटला, पण गेलो. तुम्हालाही घर आहेच की."

अंताजीनं हात जोडले. छापखान्यातली ती नोकरी त्यानं पुढं वीस वर्षं केली. सदोबाची नि त्याची गाठ रस्त्यात पडे, देवळात पडे. दर वेळी सदोबा हसून विचारी, "काय अंताजीपंत, बरे आहात ना?" आणि दर वेळी अंताजी मान खाली घालून म्हणे, "बरा आहे."

'अंता' अशी हाक त्यानं पुन्हा ऐकली नाही.

तात्पर्य: सणावारी ओळखी वाढवाव्यात, काम शोधावं, त्यात कमीपणा नाही, पण आपल्यावर विसंबलेल्या माणसाला अंधारात ठेवून मिळवलेली जागा आपली होत नाही, आणि चूक कबूल केली तरी तुटलेलं मैत्र जुळतंच असं नाही.