टिटवीची राहून गेलेली बोली

मुलांनो, डोंगराच्या पलीकडे एक रान होतं, आणि त्या रानातल्या नदीच्या काठावर, गोट्यांच्या उघड्या माळावर एक टिटवी राहत असे. तुम्ही टिटवीचं घरटं पाहिलं नसेल. पाहिलं तरी दिसायचं नाही. ती काड्या आणत नाही, झाडावर चढत नाही. चार गोटे बाजूला सारते आणि त्या खळग्यात अंडी घालते. अंडीही गोट्यांसारखीच, करडी, ठिपक्यांची. डोळा कितीही चांगला असो, पाय पडेपर्यंत कळत नाही. म्हणून ती बिचारी दिवसरात्र जागी. दूरवर पाचोळा वाजला तरी हिचा कालवा सुरू. रानातले सगळे तिला हसायचे. पण तिच्यासारखा सावध जीव त्या रानात दुसरा नव्हता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

एका उन्हाळ्यात वरचं तळं आटलं आणि चितळांचा मोठा कळप खालच्या डोहाकडे निघाला. जागा नवी, झाडी दाट, त्यात बिबट्याचा वावर. कळपाचा म्होरक्या, मोठ्या शिंगांचा थोरला चितळ, आपण होऊन टिटवीच्या माळावर आला. "टिटवीबाई," तो म्हणाला, "तुझ्यासारखी राखण कोणी करणार नाही. आम्ही पाण्यावर आलो की तू लक्ष ठेव. बिबट्या दिसला की ओरड. आमच्या खुरांनी उडतील ते किडे सगळे तुझे. आणखी काही म्हणणं असेल तर आत्ताच सांग." आता बघा, टिटवीच्या मनात एक गोष्ट होतीच. तिचे अंडी घालायचे दिवस जवळ आले होते. डोहाकडे जायला दोन बाजू होत्या : एक तिच्या माळावरून, दुसरी वरच्या करवंदीच्या जाळ्यांकडून. कळपाची वाट अजून पडलेली नव्हती. 'मालक, तेवढं वरून जात जा,' इतकंच म्हणायचं होतं. शब्द चोचीपर्यंत आले. पण तिला वाटलं, एवढा थोर चितळ आपल्या दारी आला, आणि आपण पहिल्याच दिवशी अटी घालायच्या? तिनं मान खाली घातली. "तुम्ही द्याल ते गोड मानीन, मालक. माझं काही म्हणणं नाही."

डोहावरच्या वाकलेल्या फांदीवर एक खंड्या बसला होता. त्यानं हे सगळं ऐकलं. चितळ गेल्यावर तो म्हणाला, "आक्के, तुझी अंडी काय आभाळात घालणार आहेस?"

"बघतील ते. त्यांना काय दिसत नाही?"

"तुझी अंडी? ती तर तुलाही शोधावी लागतात! अगं, आत्ता त्यांना तुझी गरज आहे. आत्ता बोललीस तर ऐकतील. जा पाठोपाठ, अजून लांब गेला नाही तो."

"नको रे बाबा. हावरी म्हणतील. उद्या दुसऱ्या कुणाला ठेवलं म्हणजे?"

"भीड ही भिकेची बहीण, आक्के," खंड्या म्हणाला, आणि पाण्यात सूर मारून निघून गेला. त्यानं तरी दुसऱ्याच्या घरट्याची किती काळजी करायची!

काम सुरू झालं. टिटवी मन लावून राखण करी. पाडसं निर्धास्त पाणी पीत. म्हाताऱ्या चितळणी म्हणत, "बाई गुणाची आहे हो, कधी काही मागत नाही." हे ऐकून टिटवीला बरं वाटे. कळप मात्र रोज माळावरूनच येई, कारण ते जवळ पडे. गोट्यांमधून खुरांची एक पट्टी दिसू लागली, मग ती रुंद झाली. अशात टिटवीनं अंडी घातली. दुसरीकडे जावं, तर राखणीला डोह दिसला पाहिजे, आणि तो दिसे तेवढ्या त्याच माळावरून. खूर जवळून गेला की तिचा जीव गोळा होई. शेवटी धीर करून ती थोरल्या चितळाकडे गेली. "मालक, एक विनंती होती. तेवढं वरच्या अंगानं गेलात तर... माझी अंडी आहेत."

चितळ काही वाईट नव्हता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आता कसं गं, बाई? वाट पडली. पाडसं याच वाटेवर चालायला शिकली. जनावराची वाट एकदा पडली की मोडत नाही. बघू, पुढच्या उन्हाळ्याला बघू." टिटवी "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

एके दिवशी सकाळी कळप पाण्यात तोंड घालून उभा होता. अंड्यांना आतून टोचा लागत होत्या. आज-उद्या पिलं बाहेर यायची. टिटवी त्यांच्यावर बसली होती, आणि तिथूनच तिला पलीकडच्या गवतात ठिपके हलताना दिसले. बिबट्या! मुलांनो, त्या क्षणी तिला सगळं कळलं. ओरडावं तर कळप उधळणार, आणि उधळलेला कळप वाट सोडत नाही. न ओरडावं तर कडेचं पाडस जाणार. पण राखण पत्करली होती. ती ओरडली. घसा फाटेस्तोवर ओरडली. बिबट्याची झेप रिकामी गेली. आणि सगळा कळप, शेकडो खूर, त्या माळावरून धूळ उडवत निघून गेला. टिटवी वर घिरट्या घालत, ओरडत राहिली. पण तिचं ओरडणं म्हणजे पळा, एवढंच त्यांना शिकवलेलं होतं. ती जितकी ओरडली, तितके ते जोरात पळाले.

धूळ बसली तेव्हा माळावर नुसते गोटे होते.

टिटवीनं काम सोडलं. थोरला चितळ येऊन उभा राहिला, खाली मान घालून. "पहिल्या दिवशीच बोलली असतीस, बाई," तो म्हणाला. "आम्हाला काय, तेव्हा कुठलीही वाट चालली असती." त्यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसल्या असत्या.

मग चितळांनी राखणीसाठी कोतवाल पक्ष्याला विचारलं. टिटवी तिथेच होती. कोतवाल शेपटी हलवत म्हणाला, "करीन की! पण डोहाकाठच्या बाभळीवर माझं घरटं असेल. तिच्या खोडाला कुणी शिंगं घासायची नाहीत. आणि पिलं लहान असतील तोवर मी राखणीला येणार नाही. पटतंय का बघा."

"बरं," चितळ म्हणाला. इतकंच. रागावला नाही, हसला नाही, दुसऱ्या कुणाला शोधायलाही गेला नाही.

टिटवी उडत उडत आपल्या माळावर आली. खळग्यात काही नव्हतं. तरी पंख जरा पसरून ती त्यावर बसली, ऊन लागू नये म्हणून.

तात्पर्य : काम पत्करण्याआधी आपली गरज तोंडानं सांगावी, वाट पडायची असते तेव्हाच ती वळवता येते, पडल्यावर चांगल्या धन्यालाही ती मोडवत नाही.