बैलाचे मागचे पाय

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या गावाचं नावही आता कोणाला आठवत नाही. गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं. दरवर्षी तिथे देवीची जत्रा भरे आणि भर दुपारी सोंगं निघत. त्यातलं सगळ्यांच्या आवडीचं सोंग म्हणजे बैल.

बैल म्हणजे काय, तर बांबूचा सांगाडा, वर रंगीत झूल, पुढे लाकडी मुखवटा आणि आत दोन भाऊ. धाकटा मुखवटा घालून पुढे उभा राही, थोरला त्याच्या मागे वाकून चाले. ही वाटणी त्यांच्या बापाने केली होती. धाकट्याने नुसती मान वेळावली तरी माणसं पोट धरून हसत. थोरल्याला ते जमत नव्हतं, आणि जमत नाही हे मान्यही नव्हतं.

बारा वर्षं थोरल्याने जत्रा म्हणून काही पाहिलंच नाही. पाहिली ती भावाची कंबर. बायका बैलाला गूळ भरवत, तो धाकट्याच्या तोंडात जाई. पोरं शेपूट ओढत, ते थोरल्याच्या वाट्याला येई. घरी येणारा-जाणारा बैलाच्या नाचाचं कौतुक करी आणि धाकट्याची पाठ थोपटी. मागच्या पायांनाही एक माणूस लागतो, हे कोणाच्या गावीही नव्हतं. तुम्हीच सांगा, बारा वर्षं असं वाकून चालल्यावर कोणाचं मन सरळ राहील?

गावाचा एक नियम होता. देवळाची पायरी लागेपर्यंत सोंगातल्या माणसाने तोंडातून शब्द काढायचा नाही आणि मुखवटा जमिनीला टेकू द्यायचा नाही. ज्याच्या हातून टेकला, त्याने पुन्हा जन्मात मुखवटा घालायचा नाही. थोरल्याने या नियमाचा पुष्कळ विचार केला. त्या वर्षी त्याने मनाशी ठरवलं की देवळाजवळच्या चढावर आपण मध्येच पाय रोवून थांबायचं. धाकटा तोंडावर आपटेल आणि पुढल्या जत्रेला मुखवटा आपल्याकडे येईल.

जत्रेच्या दिवशी बैल नाचत नाचत चढाला लागला. थोरला आता थांबणार, एवढ्यात धाकट्याचाच पाय दगडावरून घसरला आणि घोट्यात मुरगळला. बैल पुढच्या गुडघ्यांवर बसला. मुखवटा जमिनीपासून वीतभर वर राहिला.

बरं झालं, पाप आपल्या माथी आलं नाही, असं थोरल्याच्या मनात पहिल्यांदा आलं. खोटं कशाला सांगू, त्याला बरंच वाटलं.

मग बाहेरचं हसू त्याच्या कानावर आलं. ते नेहमीचं हसू नव्हतं. कोणी म्हणालं, बैल म्हातारा झाला. कोणी म्हणालं, बाजाराला काढा. पुजारी पुढे आला आणि मुखवटा उतरवून घ्या म्हणून सांगू लागला. आत धाकटा ओठ घट्ट मिटून होता. नियम मोडू नये म्हणून त्याने हुंदका गिळला, तो थोरल्याला त्याच्या कमरेवरच्या हाताखाली जाणवला.

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षं मी याच्यावर चरफडतो आहे, ते माझं मी बघून घेईन. पण याला हसणारे हे लोक कोण?

त्याने दोन्ही हातांनी भावाची कंबर पकडली, पाय रोवले आणि त्याला तसाच वर उचलला. बैलाचे पुढचे पाय हवेत गेले, मुखवटा आभाळाकडे वळला, आणि मागच्या दोन पायांवर उभा राहून बैल माणसासारखा चढ चढू लागला.

जत्रेत असं हसू फुटलं की पुजारीसुद्धा मटकन खाली बसला. धाकट्यालाही चेव आला. दुखणं विसरून तो हवेत पाय झाडू लागला, मान वेळावू लागला. थोरल्याला नेहमीप्रमाणे काहीच दिसत नव्हतं. घामाने निथळत, मनातल्या मनात धाकट्याच्या वजनाला शिव्या देत त्याने पायरी गाठली.

झूल उतरली तशी माणसं धाकट्याभोवती गोळा झाली. त्याने सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं की घसरल्यापासून मी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही, बैल चालवला तो माझ्या दादाने.

नंतर देवळामागे थोरला धाकट्याच्या घोट्याला हळदीचा लेप लावत बसला. खाली मान घालून तो म्हणाला, "मी आज तुला पाडणार होतो."

"ठाऊक होतं मला. सकाळपासून तू माझ्याकडं बघत नव्हतास."

"मग माझ्यापुढं उभा कशाला राहिलास?"

"दुसऱ्या कुणापुढं उभा राहू, दादा?"

लेप कधीच लावून झाला होता, तरी थोरला तो लावतच राहिला.

पुढल्या वर्षीही मुखवटा धाकट्यानेच घातला. थोरल्याने तो मागितला नाही, आणि आता त्याला तो नकोही होता. तेव्हापासून त्या गावात बैल दारी आला की बायका आधी मागच्या पायांवर पाणी घालत, कुंकू लावत, आणि मग पुढे जाऊन तोंड पाहत.

ज्याच्यावर रुसायचा हक्क आपला, त्याला सावरायचं कामही आपलंच असतं.