चाकाच्या झाकणावरची नावं

"हे ज्या कुणी छापलं, त्याच्याकडे वेळ भरपूर होता आणि अक्कल कमी!"

निहारनं चिमटा टेबलावर टाकला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला हा मुलगा दर रविवारी गुप्ते सरांकडे विमानांच्या छोट्या प्रतिकृती करायला शिकायचा. सर हवाई दलातले निवृत्त वैमानिक.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काय झालं?"

"ही नावं, सर. मुंगीच्या पायाएवढी! भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. आणि लावायची कुठे, तर पोटाखाली, चाकाच्या झाकणावर. विमान उलटं करून कोण बघणार?"

सरांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला.

टेबलावर वीतभर लांबीचं लढाऊ विमान उभं होतं. स्क्वाड्रनच्या सुवर्णमहोत्सवाला सरांचं विमान अगदी असंच रंगवलं होतं. शेपटीवर सूर मारणारा निळा खंड्या. निहारनं त्याचा डिकॅल, म्हणजे छापील चिकटचित्र, कोमट पाण्यात भिजवून, कागदावरून अलगद सरकवून, एकही सुरकुती न पाडता बसवला होता. कॉकपिटखाली सरांचं नाव आत्ताच लावलं होतं. ते अजून ओलंच होतं.

संध्याकाळी बाबरकाका येणार होते. सरांच्या विमानाची देखभाल करणाऱ्या तुकडीचे ते प्रमुख. हे विमान त्यांनाच भेट द्यायचं होतं. आणि सरांच्या तोंडून एकदा तरी 'छान' ऐकायला मिळावं म्हणून निहारचा जीव टांगणीला लागला होता.

"सोडून देऊ ती नावं, सर. जे दिसतच नाही, ते लावायचं कशाला?"

"हं..."

सरांनी कुंचला पाण्यात बुडवला. स्वतःच्या नावावर एक थेंब सोडला आणि ते नाव हळूच खाली ओढलं. बशीतल्या पाण्यात ते तरंगू लागलं.

"अहो सर! हे काय केलंत? ते तर सगळ्यांना दिसलं असतं!"

"वर गेल्यावर मीही कुणाला दिसत नव्हतो, निहार."

निहारनं त्या बारीक नावांचा कागद पुन्हा हातात घेतला.

"सर... ही नावं छापून कुणी घेतली?"

"अक्कल कमी असलेल्यानं."

निहारचे कान लाल झाले. त्यानं विमान मऊ फडक्यावर उताणं ठेवलं, डोळ्याला भिंग लावलं आणि श्वास रोखून एकेक नाव बसवलं. बसवता बसवता पहिल्यांदाच वाचलं. बाबर. सय्यद. थॉमस. लाक्रा.

मग तो बशीतलं नाव उचलायला गेला. पाण्यात राहून त्याचा डिंक सुटला होता, कडा वळल्या होत्या.

"हे आता चिकटायचं नाही, सर."

"राहू दे."

"सर... बरं झालं थांबवलंत."

सरांनी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बाबरकाका आले. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ. चहाचा कप बाजूला ठेवून त्यांनी विमान दोन्ही हातांत घेतलं.

"काका, शेपटीवरचा खंड्या बघा ना!" निहारला राहवेना.

"बेस झालाय की, पोरा."

पण त्यांची नजर खंड्यावर ठरली नाही. त्यांनी विमान डोक्याच्या वर धरलं, मान मागे टाकली आणि खालून बघत राहिले. बराच वेळ.

निहार उठून त्यांच्या शेजारी उभा राहिला. त्यानंही मान मागे टाकली.

"हितनंच तर बघायचो आम्ही, सायेब," बाबरकाका म्हणाले, "तुमी परत येताना."