आरमारात गेलेला स्वार

फार जुन्या काळी डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये एक चिंचोळं राज्य होतं. तिथल्या घोडदळाचे सेनापती होते सुभानराव. तोंडाने फटकळ, पण माणसं जपणारे. कुठल्या स्वाराच्या घरी पाळणा हलणार आहे, हेही त्यांना ठाऊक असे.

राजाची आज्ञा होती, की दरवर्षी घोडदळातला एक सरदार आरमारात धाडावा. सुभानराव हटकून नकोसा माणूस धाडत. कधी भांडखोर, कधी झोपाळू. चांगली माणसं त्यांना डोळ्यांसमोर हवी असत.

एका वर्षी त्यांचा सर्वांत लाडका सरदार खेमाजी म्हणाला, "धनी, यंदा मी जातो."

"तू? अरे, तिथे ना घोडा, ना लगाम. मासे पकडणार आहेस का?"

"समुद्र शिकेन म्हणतो. आपल्या राज्याची अर्धी वेस पाण्यातच आहे."

लाडका माणूस आपणहून जातोय, हे सुभानरावांच्या मनाला लागलं. "जा," एवढंच म्हणून त्यांनी पाठ फिरवली.

तीन दसरे गेले. दर दसऱ्याला बढत्या जाहीर होत. सुभानराव मैदानावर नजर फिरवत आणि समोर दिसतील त्यांची नावं राजाला सांगत. खेमाजीच्या हाताखालचे दोघे त्याच्या पुढे निघून गेले. सुभानरावांच्या मनात राग नव्हता. त्यांना त्याचं नाव आठवलंच नाही.

मग एके सकाळी शत्रू खाडीपलीकडच्या गावावर चालून आला. ओहोटी दिसली, तशी सुभानरावांनी पाचशे घोडी खाडीत घातली. थोडं अंतर जातात तोच एक होडी झपाट्याने आली.

"धनी, थांबा! भरती लागलीय!" खेमाजी ओरडत होता.

"पाणी तर गुडघाभर आहे!"

"पुढे खोल आहे, घोडी बुडतील. उजवीकडे खडकाची वाट आहे. माझ्या होडीमागून या!"

एरवी कुणाचं न ऐकणारे सुभानराव मुकाट्याने वळले. घोडी छातीभर पाण्यातून पलीकडे लागली. घोडदळ पाहताच शत्रू पळाला आणि गाव वाचलं.

सुभानराव खेमाजीशेजारी वाळूत बसले. "तीनदा तुझी बढती हुकली. एकदा तरी मला सांगायचंस."

"वाटायचं, धन्यांच्या ध्यानात असेन," खेमाजी खाली पाहत म्हणाला.

म्हाताऱ्या सुभानरावांचे डोळे भरून आले. भर दरबारात त्यांनी स्वतःची चूक सांगितली. राजाने खेमाजीला बढती दिली, तीही हुकलेल्या पहिल्या दसऱ्यापासून धरून.

पुढे दर दसऱ्याला सुभानराव आधी दूर गेलेल्यांची नावं घेत. आरमारात ते आपली उत्तम माणसं धाडू लागले, अगदी जिवावर येत असलं तरी. ते पाहून आरमारानेही आपली हुशार माणसं घोडदळात पाठवली. सुभानराव थकले, तेव्हा दोन्ही दळांनी एकमुखाने खेमाजीला सेनापती म्हणून मागून घेतलं.

तात्पर्य: जो आपल्यासाठी दूर जाऊन शिकतो, त्याचा मान त्याच्या पाठीमागे आपण जपावा.